वात जळेपर्यंत

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. एकदा त्यांना न विचारता मी ते सांगून बसले होते, त्याचं काय झालं ते पुढं येईलच. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. नळदुर्गच्या बसस्टँडवर उभं राहून 'अप्पा' अशी हाक मारली तर चार माणसं तरी मागं वळतात, तेव्हा एवढं सांगायला हरकत नसावी.

मी तेरखेड्याची. आमच्या गावात फटाक्यांचे कारखाने आहेत आणि माझी आई त्यातल्या एका शेडमध्ये फटाक्यांच्या कागदी नळ्या वळते. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिली. मामा नळदुर्गला हायवेवरच्या ढाब्यावर भाकऱ्यांच्या भट्टीवर होता, म्हणून मी बी.एस्सी.ला तिथल्या कॉलेजात गेले. खोलीही मामानंच शोधली. खाली मोटार रिवाइंडिंगचं दुकान, मागं मालकांचं घर, वर एक पत्र्याची खोली. मालक म्हणजे अप्पा.

पहिल्या दिवशी मामा मला घेऊन दुकानात उभा राहिला तेव्हा अप्पा एका जळक्या मोटारीतली काळी पडलेली तार ओढून काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"गाव?"

"तेरखेडा."

"फटाक्यात कोण हाय?"

"आई. नळ्या वळते."

तेव्हा त्यांनी पक्कड खाली ठेवली. "मग सांग. वात पेटवली अन् फटाका वाजलाच न्हाय. किती येळ थांबायचं?"

मामा माझ्याकडं बघायला लागला. खोलीसाठी असला प्रश्न कुणी विचारत नाही. पण आमच्याकडं हे लहान लेकरालाही पाठ असतं. मी म्हटलं, "वाजेपर्यंत थांबायचं. जवळ जायचं नाही. फुसका वाटला तरी नाही."

अप्पांनी आत बघून हाक दिली, "अगं, हिला खोली दे."

आतून त्यांच्या बायको, म्हणजे अक्का, आल्या. "आडनाव तरी इचारलं का?"

"कशाला लागतंय," अप्पा म्हणाले आणि पुन्हा तार ओढायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता माझ्या खोलीची फरशी हलायला लागली. धप्, धप्, धप्, धप्. मला वाटलं मोटार टेस्टिंगला लावली असेल. मग त्यावर दुसरा एक आवाज चढला, ओल्या पायांनी गुळगुळीत फरशीवर रबरी चप्पल घासल्यावर येतो तसला, पण तालात, वर जाणारा आणि खाली येणारा. हे जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाललं. मी रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन बसले होते, एक ओळ डोक्यात शिरली नाही. दुपारी अप्पांनी जिन्यातून विचारलं, "अभ्यासाला तरास व्हतो का गं?" मी नाही म्हटलं. खोली जाईल ही भीती होती. सहा महिन्यांनी मात्र अशी स्थिती झाली की दुकान बंद असलं की माझा अभ्यास व्हायचा नाही.

ते संगीत अप्पांचं स्वतःचं होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्याचं कारण त्यांच्या कामात होतं. मोटारीची कॉइल गुंडाळताना तारेचे वेढे अचूक मोजावे लागतात. एखादा वेढा कमीजास्त झाला की मोटार तापते आणि आठवड्यात परत जळते. वेढे मोजायला मशीनवर काउंटर असतो. अप्पांच्या मशीनचा काउंटर कित्येक वर्षांपासून बंद होता. अख्ख्या तालुक्याच्या मोटारी चालू करणाऱ्या माणसानं स्वतःचा काउंटर कधी दुरुस्त केला नाही, कारण ते ठेक्यावर मोजायचे. एका ठोक्याला एक वेढा. सोळा ठोके झाले की गाण्यात काहीतरी बदलायचं. एखादी टाळी यायची, किंवा चपलेचा आवाज जायचा. मग अप्पांना कळायचं की सोळा झाले. गिऱ्हाईकाशी बोलत, चहा बशीत ओतत, अक्कांना "व्हय, व्हय" म्हणत ते गुंडाळत राहायचे आणि एकही वेढा चुकायचा नाही.

गाणं बनवायचं यंत्र त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलेलं होतं. वर जुन्या रेडिओची सहा बटणं. शेजारी एक कंप्युटर, ज्याच्या कीबोर्डवरची अक्षरं वार्निशच्या बोटांनी पुसून गेली होती. डब्याचं एक बटण फिरवलं की चप्पल घासल्याचा आवाज बारीक व्हायचा, दुसरं फिरवलं की तो रडायला लागायचा. अक्का त्या डब्याला सवत म्हणायच्या. "सवतीला चहा ठिवू का?" असं विचारायच्या. अप्पा गंभीरपणे सांगायचे, "नको. ती बिस्किटावर हाय."

हे वेड लागलं कुठं, तर गोव्याला. तरुणपणी अप्पा जनरेटर सांभाळायच्या कामाला तिकडं गेले होते. समुद्राकाठी, डोंगराच्या आडोशाला परदेशी पोरंपोरी जमायची आणि असल्या ठेक्यावर नाचायची. पेपरात 'रेव्ह पार्टी' हा शब्द मी धाडीच्या बातमीशिवाय कधी वाचला नव्हता, म्हणून मी जरा भीतभीतच विचारलं होतं.

"अप्पा, म्हणजे रेव्ह का?"

"पेपरवाल्यास्नी फक्त पुड्या दिसत्यात," ते म्हणाले. "व्हत्या पुड्या. न्हाय कशाला म्हनू. पन म्या जनरेटरपाशी बसायचो, मला डिझेलच्या वासानंच गरगरायचं. म्या बघितलं ते येगळंच. तिथं लोक कुणाकडं तोंड करून नाचायचे सांग."

"गाणाऱ्याकडं?"

"गानारा न्हायच तिथं. वाजवनारा बी दिसत न्हाय, ताडपत्रीमागं असतोय. लोक खोक्याकडं तोंड करायचे. स्पीकरकडं. कोन वाजवतंय, कुनाचं गानं हाय, कुनी इचारायचं न्हाय. त्याला बी कुनी इचारायचं न्हाय की तू कोन, कुनाचा."

त्यांनी डब्याचं एक बटण जरासं फिरवलं. मग म्हणाले, "आपल्याकडं पयलं तेच इचारत्यात."

मला त्यांनी पहिल्या दिवशी काय विचारलं होतं आणि काय विचारलं नव्हतं, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

गोव्याहून येताना त्यांना एका गोऱ्यानं खोकंभर कॅसेटी दिल्या होत्या. कुठल्याच कॅसेटीवर नाव नाही, नुसता निळ्या शाईचा एक ठिपका. त्या अप्पांनी झिजेपर्यंत ऐकल्या आणि झिजल्यावर स्वतः तसलं बनवायला घेतलं. बनवलेल्याला त्यांनी कधी नाव दिलं नाही. गाणं पुरं झालं की 'साकु' म्हणायचे. कानडीत 'बस्स, पुरे'. अप्पांचं घर कानडी बोलणारं. तेच गाण्याचं बारसं.

आमच्या भागातल्या डीजेंचं याच्या नेमकं उलट असतं. गाण्याच्या मधे दर मिनिटाला कुणीतरी ओरडून डीजेचं नाव, गावाचं नाव, मोबाइल नंबर सांगत असतं. असे दोनतीन डीजे अप्पांकडं अॅम्प्लिफायर दुरुस्तीला यायचे. एकदा एकानं डब्यातला ठेका ऐकला आणि खुळाच झाला. "अप्पा, द्या की मला. तुमचं नाव टाकतो त्यात, एकदम घुमवून."

"बारशाला आत्या लागती," अप्पा म्हणाले. "मला भैन न्हाय. तसाच ने."

लग्नाला गेले की ते मांडवात बसायचे नाहीत. जनरेटरवाल्याशेजारी खुर्ची टाकून, नवरानवरीकडं पाठ करून बसायचे आणि अक्षता तिथूनच खांद्यावरून मागं टाकायचे. सोयरे त्यावरून रुसायचे. अक्का सांगायच्या की स्वतःच्या लग्नातसुद्धा हा माणूस दोनदा उठून मशीनपाशी गेला होता.

गाणी बाहेर पडायची ती मामाच्या ढाब्यावरून. गल्ल्याशेजारी बडीशेपेची बशी असते ना, त्या बशीत अप्पा दोनचार मेमरी कार्डं ठेवून यायचे. वरती निळ्या इन्सुलेशन टेपचा एवढासा तुकडा, बाकी काही नाही. ट्रकवाले बडीशेप उचलताना कार्डही उचलायचे. हैदराबादकडं, सोलापूरकडं, कुठं कुठं ती कार्डं गेली देव जाणे.

एका दुपारी मी, मामा आणि अप्पा ढाब्यावर होतो. हैदराबादकडचा एक ड्रायव्हर आत आला आणि थेट मामापाशी गेला. "वो नीली पट्टी का कार्ड इधरीच मिलता ना जी? कौन बनाया वो? मेरा क्लीनर बोलता ये गाना नै, इंजनच बात कर रा."

मामानं अप्पांकडं बघितलं. अप्पा पिठलंभाकरी खात होते. त्यांनी घास गिळला आणि त्या ड्रायव्हरला सांगितलं, "गोत्तिल्ल."

गोत्तिल्ल म्हणजे कानडीत 'ठाऊक नाही'. हा त्यांचा ठरलेला शब्द. त्या विषयावर कुणी काही विचारलं की मराठी संपायचं.

"मालूम हुआ तो मेरा सलाम बोलो उनकू," ड्रायव्हर म्हणाला.

अप्पांनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी एक भाकरी जास्त मागून घेतली.

त्यांच्या गाण्यात एक जागा यायची, तिला ते 'वात' म्हणायचे. धप् धप् चाललेलं असतं आणि एकदम थांबतं. मागं फक्त एक बारीक सुरसुर उरते. ती सुरसुर चालत राहते, ऐकणाऱ्याचा जीव वर येतो, आता येईल, आता येईल, आणि मग सगळं एकदम फुटतं. "वाजतं ते कुनालाबी जमतं," ते सांगायचे. "वात किती ठिवायची ते कळलं पायजे. लोकांस्नी वाटलं पायजे की फुसका निघाला. तिथं एक श्वास थांबायचं. मग."

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी मी घरी गेले होते तेव्हा आईच्या शेडमधला आवाज फोनवर रेकॉर्ड करून आणला. त्या शेडमध्ये नुसता कागद असतो, दारू नाही, म्हणून फोन चालतो. दहाबारा बायका सळईवर कागद गुंडाळून फळीनं दाबून फिरवतात. सर्र, टक्. सर्र, टक्. अप्पांनी तो आवाज कानाला लावून तीनदा ऐकला. आठवडाभर दुकानात तोच वाजत होता. मग एक दिवस साकु म्हणाले आणि लगेच पुढं म्हणाले, "ज्यांचा आवाज घेतला त्यास्नी ऐकवाय पायजे."

आमच्या तालुक्याच्या गावी, वाशीला, एका आडत्याचं बाजारामागं गोदाम होतं. त्याच्या विहिरीची जळलेली मोटार अप्पांनी दोनदा भरून, म्हणजे नवी तार गुंडाळून दिली होती, त्याची परतफेड राहिली होती. सोयाबीन विकून उन्हाळ्यात गोदाम रिकामं पडतं. दिवस अमावास्येचा ठरला, कारण त्या दिवशी आईच्या शेडला सुट्टी असते. वेळ अकरा ते चार, कारण बायकांना दिवेलागणीच्या आत घरी परतायचं. कुठं बोर्ड नाही, कुठं मेसेज नाही. ज्यांना यायचं त्यांनी त्या सकाळी अक्कांना फोन करायचा. अक्का भाजीचा भाव सांगावा तसा पत्ता सांगायच्या. "वाशी. आडत बाजाराच्या मागं. निळी पट्टी असल त्या दारानं. डबा आपापला आना." आणि फोन ठेवायच्या.

साठसत्तर माणसं आली असतील. ट्रकवाले, मोटार मेकॅनिक, कॉलेजची काही मुलं, तेरखेड्याच्या बायका. अप्पा रिकाम्या बारदानाच्या थप्पीमागं बसले होते, ते कुणाला दिसत नव्हते. गोदामात अंधूक, पत्र्याच्या फटीतून उन्हाच्या रेघा, त्यात सोयाबीनची धूळ. सुरू झाल्यावर आधी सगळे नुसते उभे. समोर बघायला कुणी नाही, एकमेकांकडं बघावं तर लाज वाटते, म्हणून सगळे स्पीकरच्या खोक्यांकडं बघत होते. मग सर्र टक् आलं. आईच्या शेडमधल्या बायका एकमेकींना कोपर मारायला लागल्या.

आईला मी आयुष्यात नाचताना बघितलं नव्हतं. वरातीत ती कडेनं चालायची, दुसऱ्यांच्या चपला आणि पिशव्या धरून. त्या दिवशी तिनं पिशवी भिंतीला टेकवली. आधी तिचे हात हलले, नळी वळतात तसे. मग खांदे. मग ती डोळे मिटून, खोक्याकडं तोंड करून, पदर खोचून नाचत राहिली. वात आली तेव्हा सगळ्या बायका जागच्या जागी थिजल्या आणि एकदोघींनी सवयीनं दोन पावलं मागं घेतली. फुटलं तेव्हा त्यांनी जो आवाज केला तो अजून माझ्या कानात आहे.

परतताना टेम्पोत मी विचारलं, "काय गं आई?"

"काय न्हाय. पाय मोकळे केले." मग थोड्या वेळानं तिनं माझ्याकडं न बघता सांगितलं, "कुनी बगत नव्हतं गं."

हे वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात माझा निकाल लागला. मी पहिल्या वर्गात आले. गावानं माझा सत्कार केला. चौकात माझा फोटो असलेला फ्लेक्स लागला, मारुतीच्या पारावर शाल, नारळ, फेटा. आई पदरानं डोळे पुसत होती, वडील पारावर सगळ्यांत पुढं बसले होते. मला वाटलं, मला एवढं मिळालं, आणि ज्या माणसाच्या घरात, ज्याच्या ठेक्यावर मी शिकले, त्याला काय? तीन वर्षांत त्यांनी मला कधी परकं केलं नव्हतं. परीक्षेच्या काळात अक्कांकरवी विचारायचे, "आज कुठला पेपर? ठेका हळू ठिवू का जोरात?" आमच्याकडं उपकार फेडायची एकच रीत मला ठाऊक होती, आणि ती चार दिवसांपूर्वीच माझ्यावर झाली होती.

त्याच महिन्यात अमावास्येला पुन्हा वाशीला जमायचं होतं. मी मामाला हाताशी धरलं, अक्कांच्या अल्बममधून अप्पांचा फोटो काढून घेतला आणि फ्लेक्स छापला. वर 'संगीतभूषण', खाली पूर्ण नाव, गाव, आणि 'यांचा भव्य सत्कार'.

अक्कांनी फोटो देताना विचारलं होतं, "त्यास्नी सांगितलंस का?"

"सरप्राइज आहे, अक्का."

"बघ बाई," त्या म्हणाल्या. अल्बम त्यांनी मिटून ठेवला.

त्या दिवशी गोदाम आदल्या वर्षीपेक्षा भरलेलं होतं. मी दाराजवळ शाल, नारळ, फेटा घेऊन उभी होते. फ्लेक्सची गुंडाळी मामाकडं. सौद्याच्या वेळी ओरडायला आडत्यांकडं हातातला भोंगा असतो, तो मी मागून घेतला होता. गाणं थांबेल तेव्हा पुढं व्हायचं ठरवलं होतं.

दोन वाजता ठेका थांबला. सुरसुर सुरू झाली. ती चालत राहिली. मी मनात सोळा मोजले, बत्तीस मोजले, चौसष्ट झाले. एवढी लांब वात अप्पांनी कधी ठेवली नव्हती. सुरसुर बारीक होत होत गेली आणि ऐकूच येईना. मला वाटलं, संपलं. तेरखेड्याची मी, आणि मला वाटलं फुसका निघाला.

मी पुढं झाले. भोंग्याचं बटण दाबलं आणि बोलले. हे सगळं कुणाचं आहे ते आज तुम्हाला कळलं पाहिजे, असं म्हणाले. अप्पांचं पूर्ण नाव घेतलं. मामानं फ्लेक्स उलगडला.

सगळी माणसं स्पीकरकडची तोंडं फिरवून बारदानाच्या थप्पीकडं वळली. कुणीतरी दोन थप्प्या बाजूला केल्या. मागं अप्पा होते, एक हात डब्याच्या बटणावर, मान खाली. ते उठून बाहेर आले. मी शाल घातली, ती त्यांनी घालू दिली. फेटा बांधू दिला. नारळ हातात धरला. टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या, मग फोटो सुरू झाले. पोरांनी मोबाइल वर धरले आणि अप्पांच्या बाजूला उभं राहायला रांग लागली. कुणीतरी बाजारात जाऊन एका पुढाऱ्याला घेऊन आलं, त्यानं आपली दुसरी शाल घातली. डीजेवाला पोरगा त्यांच्या कानात काही सांगत होता. हे अर्धा पाऊण तास चाललं.

मी आईला शोधलं. सगळीकडं मोबाइल उभे राहिले तशा तेरखेड्याच्या बायका भिंतीला लागल्या होत्या. डोक्यावर पदर. आईच्या हातात तिची पिशवी होती आणि आणखी कुणाच्या तरी चपला.

गर्दी ओसरल्यावर अप्पा फेटा काढत माझ्याजवळ आले. रागावलेले नव्हते. म्हणाले, "वात इझली, पोरी."

त्यानंतर दुकानात ठेका वाजला नाही. मी पुढच्या शिक्षणासाठी धाराशिवला जायच्या आधी महिनाभर तिथं होते आणि तो महिनाभर माझ्या खोलीची फरशी हलली नाही. गावातले लोक दुकानात येऊन 'काय संगीतभूषण' म्हणायचे. मिरवणुकीला वाजवा म्हणून आमंत्रणं आली. एकदा एक शेतकरी मोटार परत घेऊन आला, आठवड्यात जळली होती. अप्पांनी ती उघडली, वेढे मोजले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजले. वेढे चुकले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सोलापूरहून मशीनला नवा काउंटर आणून बसवला. टिक, टिक, टिक. तो आवाज मला वर खोलीत ऐकू यायचा. ढाब्यावरच्या बशीत आता नुसती बडीशेप होती.

मी त्यांची माफी मागितली नाही असं नाही. तीनदा मागितली. ते म्हणायचे, "तू चांगलंच केलंस. रीतच हाय ती." ते मला लागायचं.

वर्षभरानं, मी धाराशिवला बी.एड. करत होते तेव्हा, अक्कांचा फोन आला. मोबाइलवर चॅनेल चालवणारा कुणी तरुण दुकानात येऊन बसला होता. अज्ञात कलावंत शोधून काढल्याची मुलाखत त्याला करायची होती. "ह्यास्नी इचारतोय तर हे गोत्तिल्ल म्हनत्यात. तो हलत न्हाय. तू येतीस का? तूच म्हनलीस ना सगळ्यांपुढं."

मी मिळेल त्या एसटीनं निघाले. पोहोचले तेव्हा तो तरुण दुकानासमोर कॅमेरा लावून चहा पीत होता. अप्पा आत वार्निश लावत होते. त्यानं मला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. "तुम्हीच यांचं नाव जाहीर केलंत ना? मग सांगा, हे संगीत यांचंच आहे ना?"

मला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. शाळेत गुरुजी म्हणायचे, हिला साक्षीला उभी करा. मी त्या कॅमेऱ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "माझी चूक झाली. यांच्या दुकानात वाजायचं म्हणून मला वाटलं यांचंच असेल. हे मोटारी भरतात. ती गाणी कुठून कुठून ट्रकवाले आणतात. मी खात्री न करता बोलले."

"म्हणजे तुम्ही एवढ्या लोकांसमोर खोटा सत्कार केलात?"

"हो," मी म्हटलं.

तो व्हिडिओ आमच्या गावात सगळ्यांनी बघितला. 'शिकली पण अक्कल नाही', 'नारळ परत घ्या', असं त्याखाली लोकांनी लिहिलं. वडील चार दिवस पारावर गेले नाहीत. आईनं एवढंच विचारलं, "तूच म्हनली व्हतीस ना, त्यांचंच हाय?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही. आईनं माझ्याकडं नीट बघितलं आणि विषय सोडला.

अप्पा आत वार्निश लावतच राहिले होते. कॅमेरावाला गेल्यावर त्यांनी हात पुसले आणि अक्कांना म्हणाले, "हिला जेवायला वाढ." शेंगांची चटणी आणि कडक भाकरी. मी जेवत असताना बाहेर काउंटरची टिकटिक चालू होती. मी तशीच परत आले.

आता मी धाराशिवला एका शाळेत विज्ञान शिकवते. यंदा मार्चमध्ये वाशीहून येताना एसटी चुकली म्हणून एका पिकअपमध्ये पुढं बसले. ड्रायव्हरनं गाणं लावलेलं होतं. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि एकदम माझ्या लक्षात आलं की मी मोजते आहे. सोळा ठोके, बदल. सोळा ठोके, बदल. आणि ठोक्यांच्या मागं, अगदी बारीक, टिक, टिक, टिक. तो काउंटर. मग ठेका थांबला. सुरसुर चालू झाली, बारीक झाली, ऐकू येईना. ड्रायव्हरनं वायर ढिली झाली समजून डॅशबोर्डवर हात मारला. तो पुन्हा मारणार तेवढ्यात मी म्हटलं, "थांबा जरा."

फुटलं तेव्हा तो दचकला आणि हसला.

"कुणाचं आहे हो हे?" मी विचारलं.

"कुनाला म्हाईत," तो म्हणाला. "असंच हाय कार्डात. नावच न्हाय."

मी अप्पांना फोन केला नाही. काय विचारणार होते?

परवा अमावास्या होती. संध्याकाळी मी आईला फोन लावला. चार वेळा लावल्यावर तिनं उचलला. तिला दम लागलेला होता आणि मागं टेम्पोचा आवाज, बायकांचं हसणं.

"कुठं आहेस गं?"

"आले, घराकडंच निघाले. पाय लई दुखतेत."

"सुट्टी होती ना आज? कुठं गेली होतीस?"

पलीकडं बायकांचं हसणं थांबलं, नुसता टेम्पो घुरघुरत राहिला. मी फोन कानाशी धरून ठेवला. थांबले. आमच्या तेरखेड्यात कानडी कुणाला येत नाही.

"गोत्तिल्ल," आई म्हणाली.